आजचा लीडर कोण? : डोंगरातल्या नेतृत्वशिक्षणाची प्रस्तावना

नेतृत्वावरच्या पुस्तकांची मराठीत वानवा नाही. सेनानी, पुढारी, उद्योजक यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो आणि वाचता वाचता नेतृत्व ही उपजत देणगी आहे, काहींना ती मिळते, बाकीच्यांना नाही, असा समज नकळत पक्का होत जातो. प्रस्तुत विषय या समजाला छेद देणारा आहे. साधारण वकुबाच्या माणसांची एक छोटी तुकडी करावी, तिला गावापासून आणि मोबाइलच्या रेंजपासून दूर काही दिवस चालायला लावावे, तुकडीची जबाबदारी पाळीपाळीने प्रत्येकावर टाकावी आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचा हिशेब मांडावा. अशाने नेतृत्व शिकता येते आणि शिकवताही येते, असे ही विद्या मानते. जगात तिचा पद्धतशीर अभ्यास ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण संस्थांनीही हे काम दीर्घकाळ केले आहे, फक्त ते लिहून ठेवण्याची सवड फार थोड्यांनी काढली.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकांनी आपण ट्रेकर नाही म्हणून बिचकू नये. तुम्ही शाळेत शिकवत असाल, रुग्णालयाचा वॉर्ड सांभाळत असाल, सोसायटीची कमिटी चालवत असाल किंवा घरातल्या चौघांचे चार स्वभाव जुळवत असाल, तरी इथले प्रश्न तुमच्या ओळखीचेच निघतील. निर्णय कोणी घ्यायचा, सर्वांत हळू चालणाऱ्याचे काय करायचे, आपलेच म्हणणे चुकीचे ठरले तर ते कसे मागे घ्यायचे, हे प्रश्न डोंगराबाहेरही पडतातच.

आधी थोडा इतिहास. कुर्ट हान हे जर्मनीतले शिक्षक. 1920 साली त्यांच्या पुढाकाराने सालेमची शाळा सुरू झाली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे 1933 मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले. स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन शाळा काढली. पुढे महायुद्धात जहाजे बुडू लागली तेव्हा लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या ध्यानात एक गोष्ट आली. बुडालेल्या जहाजांच्या होड्यांमध्ये अंगाने धडधाकट तरुण खलाशी लवकर हाय खात आणि मुरलेले, वयाने मोठे खलाशी तग धरत, असे त्यांचे निरीक्षण होते. तरुणांकडे ताकद होती, पण स्वतःवर आणि सोबत्यांवर भरवसा ठेवण्याचा सराव नव्हता. हा सराव मुद्दाम देता येईल का, या प्रश्नातून 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे होल्ट यांच्या मदतीने हान यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा उघडली. सुमारे महिनाभराच्या त्या शिक्षणक्रमात समुद्र होता, डोंगर होते आणि संकटात सापडलेल्यांना सोडवण्याची तालीम होती. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, हे कळले की माणूस वेगळा वागू लागतो, हे हान यांनी नेमके ओळखले होते.

भारतातला धागा 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेपासून निघतो. त्या मोहिमेतले हिलरी आणि तेनसिंग सर्वांना ठाऊक आहेत. वाचकांनी मात्र शिखर सर झाले त्या दिवसाच्या तीन दिवस मागे जाऊन 26 मे या दिवसाकडे जरूर पाहावे. त्या दिवशी मोहिमेचे नेते जॉन हंट आणि दा नामग्याल हे शेर्पा पाठीवर सामान घेऊन साउथ कोल या खिंडीच्या वर चढले आणि आठ हजार तीनशे मीटरच्या आसपास ते सामान ठेवून परत फिरले. शिखर त्यांच्यासाठी नव्हते. दोन दिवसांनी शेवटचा तंबू लावायला निघालेल्या तुकडीने तेच सामान उचलून वर नेले आणि 29 मे रोजी हिलरी-तेनसिंग माथ्यावर पोचले. नेता सर्वांत पुढे असतो, हे आपण गृहीत धरतो. इथे नेत्याने ओझे वाहिले आणि माथा दुसऱ्यांना दिला. नेतृत्वाची अनेक विवेचने वाचल्यावरही इतके स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्या मोहिमेतले तेनसिंग आणि हंट हे दोघेही पुढे शिक्षणाकडे वळले. 1954 च्या नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल तिचे पहिले प्राचार्य होते आणि प्रत्यक्ष डोंगरातल्या प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग यांच्याकडे आली. तिकडे ब्रिटनमध्ये हान यांच्या प्रेरणेने 1956 मध्ये तरुणांसाठी ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराची योजना निघाली, तेव्हा तिचे पहिले संचालक झाले ते जॉन हंट. शिखरावरून उतरल्यावर शिकवायला बसणे ही या विद्येची जुनी चाल आहे आणि तिचा एक पाय पहिल्यापासून हिमालयात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. 1965 मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रातली असंख्य मुले-मुली या दोन संस्थांचा अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स करून आली आहेत. तिथे प्रशिक्षणार्थींचे छोटे गट पाडतात, गटाला ‘रोप’ म्हणतात आणि प्रत्येक रोपचा एक रोप लीडर असतो. पहाटे कोणाच्या बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे खिळे, नीट बसलेले नाहीत, कोणी रात्री जेवले नाही, कोणाला उंचीमुळे डोके दुखते आहे आणि तो ते लपवतो आहे, हे सगळे त्याने हेरायचे असते. वयाच्या विशीत एवढी जबाबदारी दुसरीकडे क्वचितच मिळते.

त्याच 1965 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पॉल पेट्झोल्ट यांनी नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढले. पेट्झोल्ट हे 1938 च्या अमेरिकन के-टू मोहिमेतले कसलेले गिर्यारोहक. आउटवर्ड बाउंडमध्ये काम करताना त्यांना जाणवले की मुलांना डोंगरात नेणारी जाणकार माणसेच कमी आहेत. म्हणून त्यांनी नेता घडवणे हाच शाळेचा विषय केला. या शाळेत दिवसाचा लीडर रोज बदलतो. कालचा लीडर आज शिधा वाहतो, भांडी घासतो आणि आजच्या लीडरचे ऐकतो. शाळेने नेतृत्वाच्या चार भूमिका मानल्या आहेत : नेमून दिलेले नेतृत्व, सजग अनुयायित्व, बरोबरीच्यांमधले नेतृत्व आणि स्वतःचे नेतृत्व. दुसऱ्या भूमिकेपाशी नव्या वाचकांनी जरा जास्त थांबावे. लीडरला वेळेवर माहिती देणे, पटले नाही तर निर्णयाआधी स्पष्ट बोलणे आणि निर्णय झाल्यावर त्याला मनापासून साथ देणे, हे तिन्ही ज्याला जमते त्याच्या खांद्यावर तुकडी उद्या निर्धास्तपणे सोपवता येते.

पण यासाठी रानावनात कशाला जायचे? वर्गात, सभागृहात हे शिकवता येणार नाही का? एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना आहे. खिरेश्वरहून सकाळी हरिश्चंद्रगडाकडे निघालेली तुकडी टोलार खिंडीतून वर आली आहे. रेलिंग धरून सगळ्यांनी कातळटप्पा पार केला आणि वर आल्यावर धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला. इथून हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडची वाट लहान टेकड्यांच्या चढउतारांतून जाते आणि ढोरवाटा तिला जागोजागी फाटे फोडतात. आजची लीडर कॉलेजातली मुलगी आहे. एका फाट्यावर तुकडीतला सर्वांत जुना भिडू ठामपणे एक वाट दाखवतो. तिच्या हातातले होकायंत्र दुसरी सांगते. दोघे जण कुडकुडत आहेत. पाऊस वाढतो आहे.

तिने काय करावे? ती सगळ्यांना जागीच थांबवते आणि मोजते. कुडकुडणाऱ्यांना सॅकमधले कोरडे कपडे चढवायला लावते, गूळदाणे फिरवते. दोघांना शिट्टी देऊन, हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही असे बजावून, वाट बघायला पाठवते. जुन्या भिडूचे म्हणणे सर्वांसमोर नीट ऐकून घेते. आणि अमुक वाजेपर्यंत खात्रीची वाट सापडली नाही तर आल्या वाटेने खाली उतरायचे, हे तेव्हाच मोठ्याने सांगून टाकते. यातली एकही गोष्ट अलौकिक नाही. पण प्रत्येक कृतीचा परिणाम तासाभरात तिच्या पुढ्यात येणार आहे, आणि धुके तिचे वय, हुद्दा, मार्क काहीच विचारणार नाही. सभागृहातल्या खेळात चुकीचा निर्णय हसून सोडून देता येतो. इथे तो साऱ्या तुकडीला अंगावर घ्यावा लागतो.

तरीही नुसता अनुभव पुरत नाही, हे या क्षेत्रातले जाणकार पुन्हा पुन्हा सांगतात. रात्री जेवण उरकल्यावर तुकडी गोल करून बसते आणि दिवसाची उजळणी होते. ‘तू चुकलीस’ असे तिथे कोणी म्हणत नाही. ‘तू फाट्यावर थांबवलेस तेव्हा मागच्या तिघांना कारण कळले नव्हते, म्हणून ते धास्तावले’ असे म्हणतात. घडलेली गोष्ट, तिचा परिणाम आणि पुढच्या वेळी काय करता येईल, एवढ्यावरच बोलायचे. चांगला प्रशिक्षक या बैठकीत कमीत कमी बोलतो. या अर्ध्या तासाशिवाय ट्रेक ही आनंदाची सहल राहते. तो आनंदही थोर आहे, पण ते शिक्षण नव्हे.

आता आपल्याकडची परंपरा. पुण्याची गिरिप्रेमी, मुलुंडची चक्रम हायकर्स अशा संस्थांमध्ये नवा मुलगा आधी मागे, शेवटच्या माणसाबरोबर चालतो. पुढच्या माणसाला वाट माहीत असावी लागते, शेवटच्या माणसाला तुकडी माहीत असावी लागते. आपल्या मागे कोणी राहिलेले नाही याची हमी तोच देतो, दमलेल्याचे ओझे हलके करतो आणि पुढे वेग कमी करायचा निरोप पाठवतो. हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवायची रीतही अशीच अनुभवातून आलेली : त्याच्या चालीने सगळे चालतात आणि तुकडी फुटत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक अडकलेल्या पर्यटकांना दरीतून वर काढतात, तेव्हा हीच शिस्त पणाला लागते. हान यांनी अ‍ॅबरडोव्हीत जी तालीम सुरू केली, ती इथे कोणी अभ्यासक्रम न आखता उभी राहिली.

आणखी एक भान वाचकांनी बाळगावे. परदेशी ग्रंथांतले ‘निर्मनुष्य रान’ सह्याद्रीत नाही. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. ओढा कधी फुगतो, कोणत्या टाक्याचे पाणी उन्हाळ्यात टिकते, कोणती नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, पावसात दगड सोडते, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. गावातला मामा ‘आज उतरू नका’ म्हणाला, तर आखलेला बेत बाजूला ठेवून त्याचे ऐकता येणे ही लीडरची मोठी कसोटी असते. मराठीत या विषयाचे शास्त्र उभे राहील तेव्हा या माणसांचे नाव त्यात पहिल्या प्रकरणात यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हे सगळे खरेच टिकते का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी पुरावाही आहे. जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये साहसशिक्षणावरच्या 96 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिबिर संपल्यावर झालेला लाभ ओसरण्याऐवजी पुढेही वाढत गेल्याचे त्यांना आढळले. शिक्षणाच्या इतर उपक्रमांत असे सहसा घडत नाही. मात्र सगळ्या शिबिरांचे फळ सारखे नव्हते आणि जास्त दिवसांची शिबिरे सरस ठरली. तेव्हा रिसॉर्टच्या हिरवळीवर एका दुपारी दोरी ओढून कर्मचाऱ्यांमध्ये नेतृत्वगुण येतील, अशी आशा धरणाऱ्या कंपन्यांनी हा आढावा अवश्य वाचावा. आणि धोका पत्करल्याशिवाय नेता घडत नाही, या भ्रमातही कोणी राहू नये. तुकडीच्या कुवतीला पेलेल एवढीच अडचण निवडणे, बाकीचा धोका तयारीने कमी करणे आणि वेळेवर माघारी वळणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचाराल. पुस्तके वाचाच, पण त्याआधी जवळच्या एखाद्या जाणत्या संस्थेबरोबर दोन दिवसांच्या साध्या मोहिमेला जा. पावसाळ्याऐवजी हिवाळा निवडा. पुढे चालण्याची घाई करू नका; शेवटच्या माणसाबरोबर चालू द्या, अशी विनंती करा. खिशात लहान वही ठेवा आणि दिवसभरात कोणते निर्णय झाले, ते कोणी घेतले, कोणाला विचारून घेतले आणि कोणाला विचारायचे राहून गेले, एवढे टिपून घ्या. पुढच्या खेपेला शिध्याची यादी करण्याचे काम मागून घ्या. आठ माणसांचे दोन दिवसांचे पोहे, तांदूळ, डाळ, चहा-साखर आणि रॉकेल-गॅस यांचा हिशेब लावताना, कोणाचा उपास आहे आणि कोण किती ओझे उचलू शकेल हे विचारताना, तुमच्या हातून नेतृत्वाचा पहिला धडा गिरवला जाईल.