बरिया कॉलेज
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्यातील एक लहान खाजगी महाविद्यालय. ते मॅडिसन काउंटीतील बरिया या गावी, ॲपालॅचियन पर्वतप्रदेशाच्या पायथ्याशी वसले आहे. विद्यार्थिसंख्या सुमारे १,५००. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञाने इ. विषयांचे व्यापक पदवीशिक्षण देणाऱ्या अमेरिकन महाविद्यालयांच्या परंपरेतील ही एक संस्था होय. तथापि विनाशुल्क शिक्षण आणि प्रत्येक विद्यार्थ्यास सक्तीचे श्रमकार्य या दोन गोष्टींमुळे तिचे स्थान वेगळे ठरते.

गुलामगिरीचा कट्टर विरोधक असलेला धर्मोपदेशक जॉन ग्रेग फी (१८१६–१९०१) याने १८५५ मध्ये येथे एका खोलीची शाळा काढली. तिचाच उपयोग प्रार्थनामंदिर म्हणूनही होई. जागा कॅशस मार्सेलस क्ले या जमीनदार राजकारण्याने दिली होती. क्ले गुलामगिरीविरोधी असला, तरी कायद्याच्या मार्गाने क्रमाक्रमाने मुक्ती व्हावी, या मताचा होता. पळालेल्या गुलामांसंबंधीचा कायदा पाळण्याजोगा नाही, असे फी उघडपणे सांगू लागताच १८५६ मध्ये दोघांत बेबनाव झाला आणि फीचा संरक्षक दुरावला. हार्पर्स फेरी येथील जॉन ब्राउनच्या उठावानंतर (१८५९) गुलामगिरीच्या समर्थकांनी बरियातील या मंडळींना दहा दिवसांत राज्य सोडण्यास फर्मावले. यादवी युद्धाच्या काळात फीने कॅम्प नेल्सन येथील कृष्णवर्णीय सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यात कार्य केले. १८६६ मध्ये शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा १८७ विद्यार्थ्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे होते. गुलामगिरी नुकतीच संपलेल्या राज्यात ही मुले एकत्र शिकत होती, ही बाब आजही विलक्षण वाटते. ई. एच. फेअरचाइल्ड याच्या अध्यक्षपदाच्या काळात (१८६९–८९) महाविद्यालयीन वर्ग स्थिरावले. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आद्य अभ्यासक कार्टर जी. वुडसन हा येथील १९०३ चा पदवीधर.

पुढच्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळाने ‘डे कायदा’ संमत केला. दोन्ही वंशांच्या विद्यार्थ्यांना एकाच संस्थेत शिकविणे त्याने गुन्हा ठरविले. त्या वेळी राज्यात असे शिक्षण देणारे महाविद्यालय बरिया हे एकच असल्याने कायद्याचा रोख कोणावर होता, हे सांगावयास नको. महाविद्यालयास एक हजार डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महाविद्यालय हे राज्याच्या सनदेने निर्माण झालेले निगम असल्याने त्याचे अधिकार मर्यादित करण्याचा राज्यास हक्क आहे, या आधारावर न्यायालयाने १९०८ मध्ये शिक्षा कायम केली. वांशिक विलगतेच्या मूळ प्रश्नास त्यामुळे बगल मिळाली. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन हे स्वतः केंटकीचे. त्यांनी भिन्नमतपत्रिकेत या निर्णयास कडाडून विरोध केला.

निर्णयानंतर बरिया गोऱ्यांपुरते उरले. कृष्णवर्णीयांसाठी निधी जमवून शेल्बी काउंटीत ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ ही स्वतंत्र संस्था काढण्यात आली (१९१२); परंतु ते महाविद्यालय नव्हते, म्हणून त्यास भरपाई म्हणणे कठीण. अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट (कार. १८९२–१९२०) याने संस्थेचे लक्ष कायद्यापूर्वीपासूनच पर्वतप्रदेशातील गरीब गोऱ्या कुटुंबांकडे वळविले होते. त्यामुळे देणग्या वाढल्या, पण फीच्या मूळ हेतूपासून संस्था दूर जात असल्याची टीकाही त्याच्यावर झाली व ती अगदीच अनाठायी नव्हती. १९५० मध्ये कायद्यात दुरुस्ती होताच कृष्णवर्णीयांना पुन्हा प्रवेश देण्यास बरियाने लगेच प्रारंभ केला.

१८९२ पासून येथे शिक्षणशुल्क घेतले जात नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्यातून किमान दहा तास काम करतो. विणकाम, सुतारकाम, झाडू बनविणे, कार्यालये, ग्रंथालय, तसेच १९०९ मध्ये उघडलेले ‘बून टॅव्हर्न’ हे उपाहारगृह ही त्यांपैकी काही कामे. मोबदला मिळतो, मात्र शिक्षणाचा खर्च त्यातून भागत नाही. तो मुख्यतः कायम निधीच्या उत्पन्नातून चालतो. विशिष्ट कारणासाठी न ठेवलेली मृत्युपत्रीय देणगी खर्च न करता या निधीत घालावी, असा ठराव विश्वस्तांनी १९२० मध्ये केला होता. प्रवेश देताना कुटुंबाची आर्थिक गरज पाहिली जाते आणि ॲपालॅचियन भागातील विद्यार्थ्यांना प्राधान्य असते.