कंपन्या भगिनी, मालक सख्खे भाऊ

जुळे सोलापुरातल्या एका मोबाइलच्या दुकानात पूर्वी मेमरी कार्डात गाणी भरून देत. त्यासोबत चार-दोन गेमही मिळत. माझ्या बटणांच्या फोनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू केला की आधी ‘गेमलॉफ्ट’ हे नाव यायचं, मग ‘युबिसॉफ्ट’चं. एका खेळाला दोन आडनावं कशी, हे कोडं तेव्हापासूनचं.

त्याचं उत्तर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आहे. तिथल्या गिलेमो कुटुंबाचा शेतकऱ्यांना लागणारा माल विकण्याचा धंदा होता. त्या घरच्या पाच भावांनी १९८६ साली युबिसॉफ्ट काढली आणि त्यांच्यापैकी मिशेल यांनी १९९९ साली गेमलॉफ्ट. थोरलीकडे संगणकावरचे आणि टीव्हीला जोडून खेळायचे गेम, धाकटीकडे मोबाइलवरचे, अशी ढोबळ वाटणी होती. (कंपन्यांना आपण भगिनी म्हणतो, इथे मालक सख्खे भाऊ होते.)

२००३ साली थ्रीडीओ ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिच्या ‘माइट अँड मॅजिक’ मालिकेचे हक्क युबिसॉफ्टने १३ लाख डॉलरना घेतले. हा रोल-प्लेइंग गेम. खेळणाऱ्याने एखाद्या वीराचं सोंग घ्यायचं, लढत-भटकत त्याचं बळ वाढवत न्यायचं. हक्क थोरलीचे, पण त्या मालिकेला मोबाइलवर आणलं धाकटीने. त्याच वर्षी युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने राजपुत्राचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला आणि त्याचीही मोबाइल आवृत्ती गेमलॉफ्टने काढली.

मोबाइलवर आणणं म्हणजे नुसतं लहान करणं नव्हे. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनांत गेमची फाइल ६४ केबीच्या वर चालत नसे. आजचा साधा फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून मॉन्ट्रियलचा त्रिमितीय राजवाडा फोनवर सपाट झाला आणि राजपुत्र डावीकडून उजवीकडे धावू लागला. रोल-प्लेइंग गेममध्ये तर वीराने किती बळ कमावलं, कुठली तलवार मिळवली, हेही जपून ठेवायचं. शिवाय दर फोनचा पडदा वेगळा, म्हणजे एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या. हे कष्टाचं, बिननावाचं काम. भगिनी-व्यवहाराचा खरा भार त्यावरच होता, असं मला वाटतं.

पुणे या व्यवहारात आलं तेही घरातल्या घरात. गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ साली युबिसॉफ्टने घेतला. पुढे ‘जस्ट डान्स’ मालिकेच्या निरनिराळ्या यंत्रांवरच्या आवृत्त्यांत पुण्याचा हात होता. २०१६ साली विवेंदीने गेमलॉफ्ट बळकावली आणि भावांचं नातं कागदावरून पुसलं गेलं. २०१८ साली मुंबईत युबिसॉफ्टचा दुसरा स्टुडिओ आला.

सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ‘द सँड्स ऑफ टाइम’ पुणे आणि मुंबई मिळून नव्याने घडवणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खेळांना हातभार लावणाऱ्यांच्या हाती राजपुत्रच आला. जानेवारी २०२१ ही तारीख ठरली. पण झलक पाहून चित्रणावर जगभर टीका झाली, तारखा पुढे सरकल्या आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं.

‘भारतीयांना जमलं नाही’ हा शेरा मी अनेकांकडून ऐकला. तो मला पटत नाही. मॉन्ट्रियलचा स्टुडिओ १९९७ साली सुरू झाला, तेव्हा तोही प्लेमोबिलच्या बाहुल्यांवरचे मुलांचे खेळ करत होता. लहानसे का होईना, ते अख्खे खेळ होते, पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत. अशी पाच वर्षं उमेदवारी केल्यावर २००२ साली ‘स्प्लिंटर सेल’ आला आणि त्यानंतर राजपुत्र. पुण्याची शिकवणी बारा वर्षांची, पण मुख्यतः तुकड्यातुकड्यांची. तिथून एकदम राजवाड्यात.