वाचून दाखवायची यादी

ऑक्टोबर २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत, राज्यातल्या इतर गावांसारखाच, एक यादी मोठ्यानं वाचायचा हुकूम आला. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली कर्जमाफीचे अर्ज ज्यांनी भरले त्यांची नावं ग्रामसभेत वाचायची आणि कोणाची हरकत असली तर ती नोंदवून घ्यायची. कागदावर या प्रकाराला ‘सामाजिक अंकेक्षण’ असं भारदस्त नाव होतं. लोकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी मात्र दुसरंच बसलं: चावडी वाचन.

हेतू उघड होता. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ होणार होतं, पण आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर, आमदार-खासदार, जिल्हा परिषद सदस्य हे सगळे बाद. लाभ माणशी नव्हे, कुटुंबाला. कोणाची बायको झेडपीच्या शाळेवर मास्तरीण आहे आणि एकाच घरात दोन खाती कोणी दाखवलीत, हे संगणकाला कळायच्या आधी शेजाऱ्याला ठाऊक असतं. सरकारला ती शेजाऱ्याची माहिती फुकटात हवी होती.

अशी यादी वाचणाऱ्याची तारांबळ पाहण्यासारखी असते. नावं आधी इंग्रजीत भरलेली, मग यंत्रानं मराठीत आणलेली, त्यामुळे ‘राठोड’चा ‘राथोड’ होतो आणि ‘आत्राम’चा ‘अट्राम’. आडनाव पुढं, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मग बँक नाहीतर सोसायटी, शेवटी खाते क्रमांक. अर्ध्या सभेला हरकतीशी काही देणंघेणं नसतं. ‘माहं नाव हाये का पाय बरं’ एवढंच तिला विचारायचं असतं.

या वाचनाचं कूळ शोधायला निघालं की पहिली गाठ पडते ती पटवाऱ्याशी. तलाठी हा शब्द सरकारी पाटीवरचा होता. वऱ्हाडात अजून पटवारीच म्हणतात. चावडी हे त्याचं ठिकाण. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नं त्याच्यावर काम टाकलं: जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची खबर आली की नोंदवहीत फेरफार लिहायचा, त्याची पूर्ण नक्कल चावडीत सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं आणि हरकतीची वाट पाहायची. मुदत पंधरा दिवस. हरकत आली नाही तर फेरफार मंजुरीला जातो. आणि गावात चावडीच नसेल तर? कायदा करणाऱ्यांनी त्याचीही सोय केली आहे. जिल्हाधिकारी दाखवतील ती जागा चावडी. म्हणजे चावडीला भिंती असल्याच पाहिजेत असं नाही. चार माणसं येऊन नोटीस वाचू शकतील अशी जागा पुरते.

वाचनाची पद्धतही उसनी आणलेली नव्हती. २०१७ च्याच उन्हाळ्यात हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळतो की नाही हे पाहायला गावोगाव सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं होतं. कोणाचं क्षेत्र चुकलं, कोणाच्या बहिणीचं नाव गळालं, हे खातेदारानं ऐकून सांगायचं. चार महिन्यांनी कर्जमाफीची यादी आली तेव्हा महसूल खात्याच्या अंगवळणी हा रिवाज पडलेला होता. जमिनीचा कागद वाचायची रीत पैशाच्या कागदाला लावली, इतकंच.

पण पैशाच्या कागदाचं कूळ त्याहून जुनं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारनं दुष्काळ आयोग नेमला आणि त्याच्या पाठोपाठ तगाईचे, म्हणजे शेतीसाठीच्या सरकारी कर्जाचे, दोन कायदे आले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहिरी, बांध, पाटबंधारे यांसाठी. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा बियाणं, बैल आणि संकटातल्या मदतीसाठी. पहिल्या कायद्याचं पाचवं कलम बारकाईनं वाचण्यासारखं आहे. कर्जाचा अर्ज आला आणि अधिकाऱ्याला योग्य वाटलं तर त्यानं अर्जाची जाहीर नोटीस काढावी, ज्यांची हरकत असेल त्यांना ठरल्या वेळी ठरल्या जागी बोलवावं, आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार करावा आणि ती मान्य की अमान्य ते लेखी द्यावं. सरकारी पैसा एका माणसाच्या हाती जाण्याआधी चारचौघांना विचारायचं, ही कल्पना आपल्याकडच्या कायद्यात तेव्हापासून आहे.

ती कोणाच्या भल्यासाठी होती? हरकत घ्यायला येणारा बहुधा भाऊबंद असणार, नाहीतर जमीन आधीच गहाण धरून बसलेला सावकार. तगाईची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी व्हायची, म्हणून ती जमीन वादातली निघू नये एवढीच सरकारची काळजी. नोटीस सरकारच्या पैशाच्या राखणीसाठी होती. रयतेनं सरकारला हिशेब विचारावा, असलं काही त्यात कोणाच्या मनातही नव्हतं. दोन्ही कायद्यांत आणखी एक तरतूद आहे: गावातल्या लोकांनी मिळून कर्ज घेतलं तर फेडीची जबाबदारी सगळ्यांची मिळून आणि प्रत्येकाची वेगळीही. शेजाऱ्याच्या नावावर नजर ठेवायला याहून मोठं कारण काय लागतं.

या कुळाला वळण लागलं ते राजस्थानात. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. वाचला गेला तो सरकारी कामांवरचा हजेरीपट आणि बिलं. कामावर कधी न गेलेल्यांची नावं मजुरी घेताना लिहिलेली निघाली. यादी तीच, वाचन तेच, पण तोंड फिरलं होतं. आता हरकत घेणारा मजूर होता आणि उत्तर द्यायचं होतं पैसा वाटणाऱ्यानं. दोन वर्षांनी ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं आणि माहितीचा अधिकार ही मागणी देशभर गेली.

महाराष्ट्रात रोजगार हमी योजना तोवर बरीच जुनी झाली होती. वि. स. पागे यांनी तिचा पाया घातला, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मस्टर म्हणजे काय हे इथल्या मजुराला राजस्थानइतकंच ठाऊक होतं. तरी मस्टर त्याच्यासमोर उघडायची सक्ती यायला अण्णा हजारे यांची उपोषणं लागली. ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरच्या उपोषणाच्या वेळी राज्याच्या माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि तो मागल्या तारखेनं, २३ सप्टेंबर २००२ पासून, लागू झाला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयानं कोणी न मागता जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. कचेऱ्यांतून त्यांना ‘सतरा मुद्दे’ म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ते एका धुळकट फायलीत असतात. त्यातला बारावा मुद्दा अनुदानाचा: कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण.

हा मुद्दा कायद्यात आला तेव्हा यवतमाळ देशभराच्या वर्तमानपत्रांत होतं, आणि कारण चांगलं नव्हतं. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. त्याच सुमारास जिल्ह्यात एक वेगळीच यादी तयार होऊ लागली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवायचं. जमीन कुटुंबात कोणाच्या नावे आहे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे निकष. बिनपरवाना सावकाराचं कर्ज कर्जच नाही. बटाईनं शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून तो शेतकरीच नाही. अमरावती विभागाचे आकडे तेव्हापासून तीन रकान्यांत छापले जातात: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. या यादीतला माणूस आकडा होऊन जाहीर होतो. अपात्र का, ते कारण मात्र त्या रकान्यांत नसतं. जाहीर करण्याच्या सगळ्या तऱ्हांत ही मला सर्वांत क्रूर वाटते.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा यादी चावडी सोडून बँकेत गेली. ३० जूनपर्यंत प्रत्येक शाखेनं लाभार्थींची यादी नोटीस बोर्डावर लावायची होती. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर फक्त सवलत. कोरडवाहू यवतमाळात पाच एकरांच्या वरचा शेतकरी बागायतदार असतोच असं नाही, पण बोर्डावर त्याचं नाव सवलतवाल्यांत. पुढं मार्च २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका निघाल्या. शिवाय नऊ राज्यांत तपासलेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ पात्र शेतकऱ्यांना लाभच दिला नव्हता. यादी भिंतीवर लागली होती. यादीत जो नव्हता त्यानं कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं?

२०२० साली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत यादी आणखी पुढं सरकली. २४ फेब्रुवारीला पहिली यादी लागली. नावापुढं विशिष्ट क्रमांक, आणि शेतकऱ्यानं आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावायचा. हरकत घ्यायची तर त्याच्या स्वतःच्याच रकमेबद्दल.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीत नावं वाचली गेली ती नेहमी घेणाऱ्यांची. देणाऱ्याचा हिशेब त्या मानानं फार क्वचित. २००९ च्या काही महिन्यांत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. वीस हजार कोटींची ती वाढ लोकांना कळली ती वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयातल्या याचिकांतून. ज्यांच्या शेतात पाणी यायचं होतं त्यांच्या चावडीवर त्या फुगलेल्या अंदाजपत्रकावर पंधरा दिवसांत हरकत कोणी मागवली नाही. दीड लाखाच्या माफीला मात्र अख्खं गाव साक्षीला.

उलटी वाट कायद्यात नाही असं नाही. जिल्ह्यातल्या केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतली कितीतरी कोलाम आणि गोंड गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६ चा पेसा कायदा तिथं ग्रामसभेला दोन अधिकार देतो. लाभार्थी कोण ते ग्रामसभा ठरवते, आणि पंचायतीनं खर्चलेल्या निधीच्या विनियोगाचा दाखलाही ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. घेणाऱ्याचं नाव आणि देणाऱ्याचा हिशेब, दोन्ही एकाच सभेपुढं. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातलं सतरावं कलमही ग्रामसभेला कामांचं सामाजिक अंकेक्षण करायला सांगत आलं.

आता यादी मोबाइलवर आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळच्या सभेतून किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता सोडला, एकवीस हजार कोटींहून जास्त. त्या योजनेची गाववार यादी पोर्टलवर कोणालाही उघडता येते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आणि त्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल असं दाखवावं लागे. नव्या मजकुरात माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं तरी भागतं. कलम ४ चा बारावा मुद्दा जागच्या जागी आहे. दोन कलमं समोरासमोर आली की पहिला निकाल जनमाहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर लागतो, आणि त्या टेबलावर अनुदान घेणाऱ्या विधवेचं नाव आणि बिल उचलणाऱ्या ठेकेदाराचं नाव, दोन्ही सारखीच ‘वैयक्तिक’ ठरू शकतात.