आभाळाचं भाडं

उघड्यावर बसून जेवायची आम्हां गिरगावकरांना शास्त्राने वर्षातून एकदाच सवलत दिली होती : कार्तिकातलं आवळीभोजन. एरवी उघड्यावर खायची ती चौपाटीवरची भेळ. तीही जरा पाठ वळवूनच, कारण ओळखीचं कुणी दिसलं की पुडा पुढे करावा लागतो! तेव्हा मलबार हिलवर कमला नेहरू पार्काच्या शेजारी ‘नाझ’ नावाचं हॉटेल आहे आणि तिथे डोक्यावर छप्पर नसल्याचे जास्त पैसे पडतात, हे ऐकून आमची आई दोन दिवस हसत होती.

पण ते खरं होतं. टेकडीच्या कडेला एकावर एक गच्च्या, आणि जितकी वरची गच्ची तितका चहा महाग. चहा तोच, समुद्रही तोच, भाडं आभाळाचं.

मुळात या टेकडीला खाण्यापेक्षा पिण्याचा इतिहास मोठा. १८८०च्या दशकात इथे शहरासाठी पाण्याचा प्रचंड हौद बांधला. त्यावर माती पसरून जी बाग केली तेच आपलं हँगिंग गार्डन. पोटात जवळजवळ १५ कोटी लिटर पाणी आणि वर आपण हिरवळीवर चणे खात बसलेलो! शेजारच्या पारशांच्या दखम्यावरून उडणाऱ्या गिधाडांनी पाण्यात भलतंसलतं टाकू नये म्हणून हौद झाकला, अशी एक आख्यायिका आहे. ती निदान खाताना तरी आठवू नये. समोरचा कमला नेहरू पार्क, म्हातारीच्या बुटाचा, तो नंतरचा, १९५२चा.

अण्णांना बढती मिळाली तेव्हा आम्ही चौपाटीवरून सिरी रोडचा चढ चढत ‘नाझ’ला गेलो. अण्णा पहिला जिना तरातरा चढले, दरपत्रकापाशी थांबले आणि वळून म्हणाले, “वर वारा फार आहे. पोरांना सर्दी व्हायची.”

मग खालच्याच गच्चीवर चहा आणि सँडविच. अंधार पडला, मरीन ड्राइव्हचे दिवे लागले, राणीचा हार झगमगायला लागला. कुणीच काही बोलेना. शेवटी आई म्हणाली, “अहो, इथून एखादा मोती कमी दिसतो का हो?” अण्णा इतके हसले, की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘नाझ’ बंद झालं. जागा महापालिकेची; ती तिच्या पाणीखात्याकडे गेली.

त्याच्या बऱ्याच आधी, मी मिळवता झाल्यावर, अण्णांना सगळ्यात वरच्या गच्चीवर नेलं होतं. आई तेव्हा नव्हती. अण्णांनी खिशातून मफलर काढून कानांभोवती गुंडाळला.

“सांगितलं होतं ना, वर वारा फार असतो,” म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत खालच्या गच्चीकडे बघत बसले.