एका वेळी किती टेबलं? ऑनलाइन पोकरमधल्या एका आकड्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जिथे मी भरकटलो होतो, तिथे थोडी कात्री लावली आहे.

जानेवारी २०१२. बहामाजमध्ये पोकरची मोठी स्पर्धा चालू आहे आणि तिथेच एका बाजूला रँडी लू नावाचा अमेरिकन खेळाडू कॉम्प्युटरसमोर बसलाय. पोकरच्या जगात तो 'नॅनोनोको' या नावाने ओळखला जातो. त्याला गिनीज रेकॉर्ड करायचंय: आठ तासांत जास्तीत जास्त ऑनलाइन डाव खेळायचे. आणि नुसते खेळून भागत नाही, शेवटी नफ्यात असलं पाहिजे. आठ तासांनी मोजणी झाली. डाव २३,४९३. नफा ७ डॉलर ६५ सेंट.

हिशोब करून बघा. आठ तासांचे २८,८०० सेकंद, म्हणजे साधारण सव्वा सेकंदाला एक डाव. आणि कमाई? तासाला एक डॉलरही नाही. तेव्हाच्या भावाने अख्ख्या दिवसाचे चारशेएक रुपये. आता रेकॉर्ड हे रेकॉर्ड असतं, त्यासाठी तो लहान रकमेच्या टेबलांवरच खेळत होता, त्यामुळे यावरून त्याची गुणवत्ता ठरवू नका. पण 'एका वेळी किती टेबलं?' हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, ते यातून दिसतं.

खऱ्या टेबलावर हा प्रश्नच नसतो. खुर्ची एक, माणूस एक. डीलर पत्ते पिसणार, वाटणार, कोणीतरी विचार करत बसणार, कोणीतरी गप्पा मारणार. तासाला २५-३० डाव झाले तरी पुष्कळ. १ जानेवारी १९९८ ला प्लॅनेट पोकर या साइटवर खऱ्या पैशांचा ऑनलाइन खेळ सुरू झाला, तेव्हाही इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. कनेक्शन तुटलं नाही तरी नशीब म्हणायचे.

मग दोन गोष्टी जवळपास एकत्र आल्या. ब्रॉडबँड आलं. आणि २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा अकाउंटंट (आडनाव खरंच हे आहे!) ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासला पोचला आणि वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६. २००६ मध्ये ८,७७३. घरबसल्या खेळणाऱ्यांची लाट आली, आणि त्यात नवशिके भरपूर होते. ज्याला थोडंफार येत होतं, त्याला एका टेबलावर बसून वाट बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं वाटायला लागलं. पोकरमध्ये बहुतेक पानं टाकूनच द्यायची असतात. मग तेवढ्या वेळात दुसरं टेबल का नको? तिसरं? चौथं?

चारपर्यंत ठीक होतं. स्क्रीनचे चार भाग करायचे, चारही टेबलं समोर दिसतात. कोण सारखा पैसे वाढवतोय, कोण चिडलाय, हे कळत राहतं. त्यापुढे टेबलं एकमेकांवर चढायला लागतात. त्याची एक पद्धत म्हणजे पायऱ्यांसारखी रचना: ज्या टेबलावर तुमची पाळी, ते आपोआप वर येतं. आणि त्याच्याही पुढे थेट थप्पी, पत्त्यांच्या जोडासारखी. वरचं टेबल बघा, बटण दाबा, ते गायब, पुढचं हजर. यात एक गोष्ट हरवते, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. तुमची पाळी येण्याआधी त्या टेबलावर काय झालं, हे तुम्ही पाहिलेलंच नसतं. म्हणून मग आकडे दाखवणारी सॉफ्टवेअरं आली: समोरचा शंभरातले किती डाव खेळतो, किती वेळा पैसे वाढवतो, सगळं त्याच्या नावाशेजारी. समोर माणूस न राहता तीन-चार टक्केवाऱ्या राहिल्या.

आता मुख्य मुद्दा. किती टेबलं खेळायची हे कसं ठरवायचे? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका टेबलावर तासाला ७० डाव होतात. चार टेबलांवर तुम्ही दर शंभर डावांना १० रुपये कमावता. तासाला २८० डाव, २८ रुपये. बारा टेबलांवर लक्ष विभागलं, कमाई शंभराला ६ वर आली. पण डाव ८४०, म्हणून तासाला ५० रुपये. चोवीस टेबलांवर कमाई शंभराला २. डाव १,६८०, हातात ३४ रुपये. म्हणजे बारा हा बरा आकडा. चोवीस म्हणजे 'एक ना धड भाराभर चिंध्या'.

हे गणित खेळाडूचं झालं. साइटचं गणित वेगळं असतं.

पत्त्यांच्या क्लबात ज्याला 'नाल' म्हणतात, तसा हिस्सा साइट डावांमधून कापून घेते. जितके जास्त डाव, तितकी जास्त नाल. म्हणून साइट खेळाडूंना त्यातला थोडा भाग बक्षीस म्हणून परत देते. आता वरच्या उदाहरणात दर शंभर डावांना ४ रुपये परत मिळतात असं धरा. चार टेबलं: ३९ रुपये. बारा: ८४. चोवीस: १०१! आकडा फिरला. इतकंच काय, चोवीस टेबलांवर तुम्ही शंभराला १ रुपया हरत असाल तरी तासाला ५० रुपये उरतात, चार टेबलांवर नीट विचार करून जिंकणाऱ्यापेक्षा जास्त. म्हणजे खेळात हरून पगार निघतो.

पोकरस्टार्स या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या साइटवर पैशांच्या टेबलांची कमाल मर्यादा होती २४. आणि तिथे सर्वात वरचा दर्जा होता 'सुपरनोव्हा एलिट', त्यासाठी वर्षात दहा लाख पॉइंट लागायचे. रोजचे सरासरी २,७४०, एकही सुट्टी न घेता. १ जानेवारीला मोजणी पुन्हा शून्यावर. तिथे पहिला पोचला बर्ट्रांड ग्रोस्पेलिए, टोपणनाव 'एल्की'. हा फ्रेंच पोरगा आधी दक्षिण कोरियात राहून स्टारक्राफ्ट हा व्हिडिओ गेम व्यावसायिक म्हणून खेळायचा, २००१ च्या वर्ल्ड सायबर गेम्समध्ये दुसरा आला होता. रँडी लूसुद्धा व्हिडिओ गेममधूनच आलेला. हा योगायोग नाही. इतक्या टेबलांवर पोकरच्या ज्ञानापेक्षा बोटांचा वेग आणि न थकणारे डोळे जास्त कामाला येतात. अष्टावधानी माणसाचं आपल्याला कौतुक असतं. इथे त्याच्या तिप्पट अवधानं लागायची, आणि समोर दाद द्यायला सभा नव्हती.

या दर्जाची बक्षिसं वर्षाला एक लाख डॉलरच्या घरात जायची, म्हणून अनेकांनी आयुष्याचं वेळापत्रकच त्यावर बांधलं. २०१४ मध्ये कॅनडातल्या अमाया कंपनीने पोकरस्टार्सचा मालकी गट ४९० कोटी डॉलरला विकत घेतला. नोव्हेंबर २०१५ मध्ये घोषणा झाली: पुढच्या वर्षापासून बक्षिसांत मोठी कपात. ज्यांनी दहा-अकरा महिने रोज चोवीस टेबलं ओढून दर्जा मिळवला होता, ते २०१६ मध्ये मिळणाऱ्या फायद्यांवर डोळा ठेवून खेळले होते. १ ते ३ डिसेंबरला खेळाडूंनी 'बसून राहा' असं आंदोलन केलं. टेबलावर बसायचं पण डाव खेळायचा नाही. पोकरमधला संपच म्हणा ना! निर्णय मात्र बदलला नाही. मला यात खेळाडूंची बाजू पटते. नियम बदलायचा हक्क कंपनीचा, पण वर्ष सरत आल्यावर नाही. नोकरी असती तर कुठेतरी दाद तरी मागता आली असती. पॉइंटवर जगणाऱ्याकडे साधं नेमणूकपत्रही नसतं.

आणि मग २०१९. त्याच पोकरस्टार्सने पैशांच्या नेहमीच्या टेबलांवर नवी मर्यादा आणली: ४. हो, चार. चोवीस टेबलांवर बसणारा प्रत्येक टेबलावर वेळ लावतो, बोलत नाही, चांगल्या पानांची वाट बघत बसतो. गंमत म्हणून आलेला माणूस कंटाळून निघून जातो, आणि त्याच्याच पैशांवर सगळं चाललेलं असतं. जी साइट जास्त टेबलांना बक्षीस देत होती, तिलाच आता जास्त टेबलं नकोशी झाली. पुढे ही मर्यादा थोडी सैल झाली, पण चोवीसचे दिवस गेले ते गेलेच.

भारतात खऱ्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यामुळे 'आम्ही किती टेबलं खेळावीत' असं विचारणाऱ्या श्रोत्यांना उत्तर सोपं आहे: त्या कायद्याप्रमाणे शून्य. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींमध्ये पत्ते चालतात, पण तिथे खुर्ची एकच मिळते. तासाला ३० डाव धरले, तर रँडी लूचे ते आठ तासांचे डाव पूर्ण करायला तिथे रोज आठ तास बसून ९८ दिवस लागतील.