गहू, दाह आणि ‘भंगारा’तलं जनुक

१९४४-४५चा हिवाळा. जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खात होते. हेगमधल्या एका बालरुग्णालयात डॉ. विलेम डिके मात्र उलटंच चित्र बघत होते. जुलाब आणि कुपोषणाने खंगलेली सिलिअ‍ॅक रोगाची मुलं पाव मिळेनासा झाल्यावर सुधारू लागली होती. गव्हावर डिकेंचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९५०मध्ये उट्रेख्ट विद्यापीठातल्या प्रबंधात त्यांनी तो पुराव्यानिशी मांडला. पुढे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन दोषी ठरलं.

पण कोडं अर्धंच सुटलं. गहू तर कोट्यवधी लोक खातात. मग काहींचंच आतडं का पेटतं? जवळजवळ सगळ्या रुग्णांत एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुकप्रकार सापडतात. अडचण अशी, की ते धडधाकट लोकांतही सर्रास असतात.

म्हणून संशोधकांनी हजारो रुग्णांचे जीनोम चाळले. रोगाशी जोडलेले आणखी बदल हाती लागले, पण त्यातले बरेचसे प्रथिन बनवणाऱ्या जनुकांच्या बाहेर होते. आपल्या जीनोमचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्या बऱ्याचशा भागाला ‘जंक’, म्हणजे भंगार, म्हणायची पद्धत सुसुमु ओहनो यांच्या १९७२च्या लेखानंतर रुळली होती. आता आजाराचा धागा त्याच भंगारात जात होता.

२०१६मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शंकर घोष यांच्या प्रयोगशाळेतल्या आयनारा कास्तेयानोस-रुबियो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये त्यातला एक धागा उलगडला. अशाच एका बदलाच्या जागी त्यांना एलएनसी-१३ हा लांब आरएनए सापडला. त्यापासून प्रथिन बनत नाही, पण त्याला काम आहे. एचएनआरएनपीडी नावाच्या प्रथिनाशी जोडी जमवून तो दाह भडकवणारी काही जनुकं दाबून ठेवतो. जंतूंची चाहूल लागली, की पेशी हा आरएनए मोडून टाकते आणि ती जनुकं मोकळी होतात. दाह तेव्हा हवाच असतो. तो वेळ संपल्यावरही चालू राहिला, तर घात होतो.

सिलिअ‍ॅक रुग्णांच्या लहान आतड्यात हा आरएनए खूपच कमी आढळला. शिवाय, रोगाशी जोडलेला बदल असलेला एलएनसी-१३ आपल्या जोडीदाराला नीट धरू शकत नाही. म्हणजे दाहाला घातलेला लगामच सैल.

सगळा रोग या एका आरएनएमुळे होतो, असा याचा अर्थ नाही. एचएलए लागतं, ग्लुटेन लागतं, इतरही जनुकं हातभार लावतात. पण जिथे काहीच नाही असं वाटत होतं, तिथे दाहाचा एक पहारेकरी निघाला, हे मोठंच.

रुग्णाच्या ताटात मात्र अजून फारसा फरक पडलेला नाही. आजही उपचार डिकेंचाच: गहू, जव, राय आयुष्यभर बंद. आपल्याकडे निदान ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात तरी हाताशी आहे.