डुक्कर फियाटीचे सोलापुरी गोत्र

वैशाखातल्या दुपारी सोलापुराहून तुळजापूरच्या घाटाकडे निघणारा फियाटवाला पाण्याची कळशी आणि एक जुने फडके बरोबर घेतल्यावाचून सहसा बाहेर पडत नसे. आणि ते फडके घाम पुसण्यासाठी नसून, उन्हाने तापून पेट्रोलची वाफ धरून बसणाऱ्या पंपाच्या कपाळावर ओल्या पट्टीसारखे ठेवण्यासाठी असे, ही गोष्ट ज्यांनी त्या काळात मोटार बाळगली त्यांना मुद्दाम सांगावी लागत नाही. गाडी घाटात थांबली की मंडळी खाली उतरत, बॉनेट उघडले जाई, ओले फडके पंपावर पडे, आणि तापाच्या मुलाची शुश्रूषा करावी तशी दहा-पंधरा मिनिटांची शुश्रूषा झाली म्हणजे गाडी पुन्हा निमूटपणे चढू लागे. एवढे होऊनही संध्याकाळी घरी परतल्यावर त्याच मालकाला गाडीविषयी विचारले असता तो तिच्या ॲव्हरेजचे, तिच्या गुणी इंजिनाचे आणि तिच्या प्रामाणिकपणाचे इतके भरभरून वर्णन करी, की घाटातला प्रसंग जणू दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा असावा. या संतोषाचे मूळ कशात होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. आणि त्या शोधात हाती लागते ती गोष्ट अशी, की इटलीचे नाव मिरवणाऱ्या या गाडीचे इथले गोत्र शोधत गेले असता वाट थेट सोलापुरात येऊन थांबते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजरातेतून दक्षिणेत येऊन स्थिरावलेले, दिगंबर जैन. व्यवसाय सावकारीचा आणि कापसाचा. आणि वडील हिराचंद नेमचंद हे केवळ खतावणीत डोके घालून बसणारे नव्हेत, तर ‘जैन बोधक’ हे नियतकालिक चालवून आपल्या समाजाला चार सुधारणेच्या गोष्टी सांगणारे गृहस्थ. १८६० साली आगगाडी सोलापुरात आली, १८७७ च्या सुमारास पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली, आणि ज्या गावात पूर्वी कापूस केवळ विकला जाई त्याच गावात तो पिंजून, कातून, विणून बाहेर जाऊ लागला. अशा संक्रमणाच्या काळात वाढलेल्या मुलाला पिढीजात पेढीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा काही उभारण्याचा छंद लागावा, यात आश्चर्य नाही. मुंबईचे सेंट झेवियर आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज पाहून झाल्यावर, पदवी न घेताच, रेल्वेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला, आणि ‘फाटक-वालचंद’ हे नाव मक्तेदारांच्या यादीत चढले. पुढे बोरघाटातले बोगदे, सिंदिया कंपनी, ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस निघालेले ‘लॉयल्टी’ जहाज, इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर वसवलेले वालचंदनगर, बंगळूरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणची गोदी, ही सारी मालिका सर्वश्रुत आहे, तिची पुनरुक्ती नको. आपल्याला पाहिजे ती त्यातली मोटारीची हकीकत, जी त्या सर्वांत सर्वाधिक रखडलेली आहे.

हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात ही कल्पना मूळ सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. त्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतले कारखाने हिंडून पाहून सविस्तर योजना आखली, आणि तिला पैशाचे व हिमतीचे बळ देण्यासाठी वालचंद पुढे आले. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर येताच योजनेला पाठिंबा मिळाला खरा. परंतु १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दप्तर पुन्हा जुन्या हातांत गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली होती, क्रायस्लरशी १९४० साली करार झाला होता, म्हैसूर संस्थान भागीदारीस उत्सुक होते. पण हिंदुस्थान सरकारने एकदा युद्धाची अडचण दाखवून, एकदा परकीय चलनाची, आणि म्हैसूर दरबाराला तर सरळ मज्जाव करून, ही योजना अर्जांच्या ढिगाऱ्याखाली अशी दाबून ठेवली, की युद्धात ज्या सरकारला मालमोटारींची निकड होती त्याच सरकारने त्या इथे बनू दिल्या नाहीत. ही केवळ दिरंगाई होती असे म्हणणे मला अतिशय सौम्य वाटते. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली, मुंबईच्या कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, त्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या आणि फार्गोच्या मालमोटारी जोडून बाहेर पडू लागल्या.

त्या अमेरिकी गाड्या देखण्या होत्या, प्रशस्त होत्या आणि पेट्रोल पिण्यात संस्थानिकांसारख्या उदार होत्या. संस्थाने विलीन होत असलेल्या देशात त्यांना गिऱ्हाईक किती मिळणार, हे चाणाक्ष माणसाला सांगण्याची गरज नव्हती. तेव्हा प्रीमियरने इटलीतल्या तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी संधान बांधले, प्रथम इवलीशी ‘५००’ आणली, आणि मग ती गाडी आणली जिच्यासाठी हा लेख लिहितो आहे. कालगणनेचा योग पाहा : फियाटने आपली नवी ‘११००’ जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात मार्च १९५३ मध्ये मांडली, आणि १९४९ पासून पक्षाघाताने जर्जर झालेले वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूर येथे निवर्तले. ज्या गाडीने त्यांचे वीस वर्षांचे स्वप्न मध्यमवर्गीयांच्या दारात उभे केले ती १९५४ साली कुर्ल्यातून निघाली, ती त्यांनी पाहिलीच नाही. त्याच सुमारास जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने असा दंडक घातला, की ज्यांना गाडीचे भाग क्रमाक्रमाने इथेच घडवायचे असतील त्यांनीच धंद्यात राहावे. केवळ पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले इथले गाशे गुंडाळले, आणि बाजारपेठ मुख्यतः तिघांच्या हाती उरली : कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

या नव्या पाहुणीचे बारसे मराठी माणसाने आपल्या पद्धतीने केले. तिचे गोल पाठीमागचे अंग, पुढे काढलेले नाकाड आणि ठेंगणा, भरीव बांधा पाहून तिला जे नाव पडले ते ‘डुक्कर फियाट’. आणि ज्या भाषेत देवालाही ‘अरे-तुरे’ करण्याची मुभा आहे त्या भाषेत हे नाव निंदेचे नव्हते, लाडाचे होते. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडत, त्यामुळे नऊवारीतल्या आजीबाईंना पाय आधी टाकून सहज बसता येई, हा तिचा गुण कारखानदारांच्या ध्यानात आला नसावा. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे; गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, त्यामुळे पुढच्या अखंड बाकावर तिघे आणि मागच्यावर चौघे, शिवाय मांड्यांवरची मुले निराळीच, असा कुटुंबकबिला घेऊन ती अक्कलकोटास, पंढरपुरास, गाणगापुरास निघे. मागचे स्प्रिंगपाटे अशा वेळी सपाट होत, पण मोडत क्वचितच. पुढे ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी डौलदार इंग्रजी नावे आली, १९६४ साली ‘डिलाइट’ आली, गोलाई जाऊन कोन आले आणि दरवाजे सुलटे झाले. लोक मात्र सर्वांना मिळून फियाटच म्हणत राहिले.

‘स्वस्त’ हा शब्द या गाडीला लावताना थोडे थांबले पाहिजे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या कुटुंबाने फियाट घेतली ती १२,००० रुपयांची, आणि त्यासाठी त्यांना पंजाब नॅशनल बँकेचे ५,००० रुपयांचे कर्ज काढावे लागले. त्यांच्या मृत्यूनंतर ते कर्ज ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडले. पंतप्रधानाला जी स्वस्ताई कर्ज काढून परवडे ती भोंग्याच्या तालावर सायकलीवरून जाणाऱ्या सोलापूरच्या गिरणी-कामगाराच्या स्वप्नातही येण्याचे कारण नव्हते. ती स्वस्त होती ती डॉक्टर, वकील, सुताचे व्यापारी, अडते अशा वर्गापुरती. आणि तिथेही पैसा असून भागत नसे. नाव नोंदवायचे, पोस्टात अनामत गुंतवायची, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. किमतीवर सरकारचे नियंत्रण होते, त्यावरून कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७१ साली तिथे निवाडा झाला. पण नियंत्रित किमतीचा व्यावहारिक परिणाम असा, की दारात आलेली नवी गाडी दुसऱ्याच दिवशी घेतल्यापेक्षा अधिक भावाने विकता येई. प्रीमियर गाडीला ‘प्रीमियम’ येतो, ही कोटी त्या काळी सुचली नसेल असा व्यापारी विरळा.

अशा टंचाईत वाढलेल्या संतोषाची किंमत काय धरावी? ज्याला तीनच गाड्या ठाऊक आहेत आणि त्यांतली एक दहा वर्षांनी मिळाली आहे, त्याने तिची निंदा करणे म्हणजे आपल्याच दहा वर्षांची निंदा करणे होय. तेव्हा त्या स्तुतीत निरुपायाचा वाटा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पत्रा गंजे, गिअरचा दांडा झिजून खुळखुळे, थंडीत चोक ओढून आणि पावसाळ्यात धक्का मारून गाडी सुरू करावी लागे. तरीपण सर्व श्रेय निरुपायाला देणे अन्यायाचे होईल. सोलापूर हे हातमागांचे, यंत्रमागांचे, फिटरांचे गाव. इथल्या मिस्त्रीला जे यंत्र उघडून पाहता येते त्यावर त्याचा विश्वास बसतो, आणि फियाटचे इंजिन उघडण्यास सोपे होते. पॉईंट घासावे, प्लग पुसावा, कार्बोरेटर फुंकावा, इंजिन थकले की बोअर करून घ्यावे; सुटे भाग मिळत, आणि न मिळाले तर लेथवर घडवता येत. सोलापुरी चादरीची कीर्ती तरी निराळी कुठे आहे? ती मऊ नसते, अंगाला थोडी बोचतेच. पण आजीची चादर नातवाच्या अंगावर असते, आणि घरातली माणसे ती बोच हीच तिची ओळख समजतात. गावच्या चादरीवर माया करणारी माणसे गाडीकडूनही तेच मागत होती, असे मला वाटते.

मालकाची स्तुती भाबडी असू शकते, भाड्याने गाडी हाकणाऱ्याची नसते. म्हणून फियाटच्या बाजूची भक्कम साक्ष मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची. कलकत्त्याने ॲम्बॅसडर पत्करली, मुंबईने फियाट. कारण जिचा रोजचा हिशेब पेट्रोल वजा करून मांडावा लागतो, जी चिंचोळ्या गल्लीत वळली पाहिजे, तुंबलेल्या पाण्यातून निघाली पाहिजे आणि बिघडली तर त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला दुरुस्त झाली पाहिजे, अशा गाडीच्या निवडीत मायेला जागा नसते. काळ्यापिवळ्या टॅक्सींची संख्या वाढत वाढत साठ हजारांच्या घरात गेली, आणि तिच्यात बहुतांश फियाटच होत्या. कोकणातून, घाटावरून, उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या हजारो माणसांनी तिच्या बाकावर बसून रात्री काढल्या, तिच्या डिकीवर डबे उघडले आणि तिच्या जोरावर गावाकडची घरे बांधली.

इकडे तुरीनशी असलेला परवाना संपल्यावर गाडीचे नाव बदलणे भाग पडले. आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ असे चित्तोडच्या राणीचे नाव तिला मिळाले, तरी बोली भाषेने ते फारसे मनावर घेतले नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली मारुती मालकाच्या हाती गेली, तिची किंमत ४७,५०० रुपये होती, आणि तेव्हापासून डॉक्टर-वकिलांचा वर्ग एकेक करून पद्मिनीला सोडू लागला. ज्यांनी तिची प्रशस्ती गात वीस वर्षे काढली त्यांनीच मारुतीचा हलका गिअर एकदा हाती येताच जुनीचे सर्व दोष एका दमात आठवून दाखवले. तो प्रकार कृतघ्नपणाचा होता असे नाही, पण ऐकवत नसे. कुर्ल्यातल्या कारखान्यातले तंटे, नव्या गाड्यांचे उशिरा झालेले प्रयत्न, परदेशी भागीदारांशी जमलेले आणि मोडलेले संसार, हा भाग उद्योगाच्या इतिहासकारांवर सोपवतो. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सीवाल्यांनी तिला आणखी काही काळ तगवले. शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कचेरीत टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी पद्मिनी उरली नाही. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी तिच्यावर रकाने भरले, आणि ज्यांनी ती विकून टाकली होती त्यांतले कितीतरी जण तिच्या आठवणीने हळवे झाले. आता हौशी मंडळी जुन्या डुक्कर फियाटी शोधून, रंगवून, मिरवणुकीत काढतात.

सोलापुरात वालचंदांचे नाव महाविद्यालयावर आहे, अभियांत्रिकीच्या शाळेवर आहे. त्यांच्या वडिलांचे नाव वाणिज्य महाविद्यालयावर आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांपैकी ज्याच्या आजोबांच्या घरी कधीकाळी फियाट होती त्याने वालचंद आणि फियाट या दोन नावांचा संबंध जोडला असेलच असे नाही, कारण गाडीवर वालचंदांचे नाव कधी नव्हतेच. आधी इटलीच्या कारखान्याचे होते, मग राजस्थानच्या राणीचे. कुर्ल्याला कारखान्याच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या बाजूने जाणारा रस्ता अजून प्रीमियर रोड म्हणून ओळखला जातो, आणि रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की तो पुढे काही न विचारता मीटर टाकतो.